क्लचपासून मोटारीपर्यंत : फेरुचो लॅम्बोर्गिनी

जुनी मोटार पाहायला गेलेला माणूस आपल्याकडे सहसा आधी रंग पाहतो, मग टायर आणि मग किलोमीटरचा आकडा. इंजिनाचा आवाज ऐकून तो मान डोलावतो आणि भावाची घासाघीस सुरू करतो. क्लच मात्र त्याला दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, लोखंडी कवचात दडलेली ही चकती बिघडली की शंभर अश्वशक्तीची असो वा पाचशेची, मोटार जागच्या जागी नुसती ओरडत राहते. महागड्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही दडलेली चकती ग्राहकाला लाखो रुपयांना पडू शकते. मोटारींच्या इतिहासात या चकतीला एकदा फार मोठा मान मिळाला. उत्तर इटलीतील एका शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या फेरारीचा क्लच उघडून पाहिला आणि जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींपैकी काही मोटारी पुढे त्याच्याच नावाने धावू लागल्या. त्याचे नाव फेरुचो लॅम्बोर्गिनी.

लॅम्बोर्गिनी हे नाव आज आपल्याला चित्रपटांतून आणि मुंबईच्या रस्त्यांवरून क्वचित दर्शन देणाऱ्या मोटारींमुळे ठाऊक असते. या गृहस्थांची खरी कमाई मात्र ट्रॅक्टरची होती. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना जवाहरनगरच्या परिसरात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. रोवणीच्या दिवसांत तिथे गुडघाभर चिखलात चिखलणी करणारा ट्रॅक्टर पाहिला, तर क्लचवर किती भार येतो याची कल्पना कोणालाही येईल. चाक रुतते, इंजिन गुरगुरते, चालक पाय अर्धवट उचलून ट्रॅक्टर हळूहळू पुढे काढतो. क्लचची खरी परीक्षा अशा वेळी होते. फेरुचो यांचे शिक्षण असल्याच यंत्रांवर झाले होते.

द्राक्षमळ्यातला यंत्रवेडा

फेरुचो यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी फेरारा प्रांतातील चेंतोजवळच्या रेनाझो या गावी झाला. घर शेतकऱ्याचे, मळा द्राक्षांचा. थोरल्या मुलाने बापाची शेती पुढे न्यावी, ही अपेक्षा तिथेही आपल्याइतकीच स्वाभाविक होती. या मुलाचे लक्ष मात्र वेलींपेक्षा गोठ्याशेजारच्या अवजारांच्या खोलीत अधिक रमत असे. बोलोन्याजवळच्या तंत्रशाळेत त्यांनी यंत्रविद्येचे शिक्षण घेतले.

१९४० मध्ये इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि फेरुचो हवाई दलात दाखल झाले. त्यांच्या हाती विमान आले नाही. त्यांची नेमणूक भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर वाहनांच्या दुरुस्तीसाठी झाली. बेटावर सुटे भाग येण्याची शाश्वती नव्हती. एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवायचा, मोडलेले पुन्हा घडवायचे आणि काहीही करून वाहन चालते ठेवायचे, हा तिथला रोजचा धडा होता. युद्धाच्या अखेरीस बेट ब्रिटिशांच्या हाती गेले आणि फेरुचो युद्धकैदी झाले. १९४६ मध्ये ते घरी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता. कोणतेही यंत्र उघडून त्याचे दुखणे शोधण्याची हातोटी मात्र होती.

पिएव्हे दी चेंतो येथे त्यांनी दुरुस्तीचे छोटे गॅरेज सुरू केले. त्याच सुमारास त्यांच्यावर मोठा आघात झाला. १९४७ मध्ये पहिल्या बाळंतपणात पत्नी क्लेलिया यांचे निधन झाले. तान्हे मूल वाचले. तोनिनो या नावाने पुढे ओळखला गेलेला हाच मुलगा त्यांच्या आठवणी जपणारा ठरला. दुःखाच्या त्या वर्षात फेरुचो यांनी स्वतःला कामात गाडून घेतले.

युद्धाच्या भंगारातून ट्रॅक्टर

युद्ध संपले, पण इटलीच्या शेतकऱ्याकडे नांगरायला बैल नव्हते आणि नवा ट्रॅक्टर घ्यायला पैसे नव्हते. दुसरीकडे सैन्याची टाकून दिलेली वाहने जागोजाग ढीग होऊन पडली होती. फेरुचो यांनी या दोन गोष्टी जोडल्या. भंगारातील ट्रकची इंजिने, गिअरबॉक्स आणि आस एकत्र करून त्यांनी शेतात चालणारा ट्रॅक्टर उभा केला. कारिओका नावाचा हा पहिला ट्रॅक्टर ३ फेब्रुवारी १९४८ रोजी, चेंतोच्या ग्रामदैवताच्या उत्सवात, लोकांसमोर आला.

पेट्रोल तेव्हा महाग होते. इंजिन पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर स्वस्त इंधनावर चालवता येईल, अशी सोय त्यांनी केली. विदर्भातील ज्येष्ठ शेतकऱ्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. विहिरीवरचे रॉकेलचे पंपही पेट्रोलच्या दोन थेंबांवर सुरू होऊन मग रॉकेलवर चालत असत. शेतकऱ्याचा खिसा ज्याला कळतो, त्यालाच असले उपाय सुचतात. पुढील काही वर्षांत लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टरचा कारखाना इटलीतील मोठ्या ट्रॅक्टर उद्योगांत गणला जाऊ लागला. त्यानंतर घरे तापविणाऱ्या तेलाच्या भट्ट्या आणि वातानुकूलन यंत्रे यांचाही उद्योग त्यांनी उभारला. चाळिशी ओलांडताना फेरुचो चांगलेच श्रीमंत झाले होते.

वेगाची हौस त्यांना आधीपासून होती. १९४८ मध्ये फियातच्या चिमुकल्या तोपोलिनो मोटारीत स्वतःच्या हाताने फेरफार करून ते मिल्ले मिलिया या इटलीतील प्रसिद्ध रस्ता-शर्यतीत उतरले होते. हजारावर किलोमीटर अंतर कापल्यानंतर त्यांची मोटार रस्त्याकडेच्या एका खानावळीत घुसली आणि शर्यत तिथेच संपली. त्यानंतर त्यांनी शर्यतीचा नाद सोडला. वेगाची हौस मात्र सुटली नाही.

चकतीने केलेली चुगली

हाती पैसा आल्यावर त्यांच्या दाराशी उत्तमोत्तम मोटारी आल्या. १९५८ मध्ये फेरारी २५० जीटी आली आणि तिच्या पाठोपाठ आणखी फेरारी आल्या. या मोटारी वेगवान होत्या, देखण्याही होत्या, परंतु रोजच्या वापरात त्या दांडगट वाटत. आवाज फार आणि आतली मांडणी ओबडधोबड. सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणजे क्लच. तो वारंवार घसरे आणि गाडी वारंवार मारानेल्लोच्या कारखान्यात दुरुस्तीला पाठवावी लागे. तिथे मालकाला आत न घेता काम होई, काही दिवस ठीक जात आणि पुन्हा तेच.

शेवटी फेरुचो यांनी आपल्याच ट्रॅक्टर कारखान्यातील कारागिरांकडून मोटार खोलून घेतली. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार आत निघालेला क्लच त्यांच्या ओळखीचा होता. ज्या पुरवठादाराकडून ते ट्रॅक्टरसाठी क्लच घेत, त्याच पुरवठादाराचा तो माल होता. त्यांनी भांडारातून अधिक मोठा क्लच काढून बसविला आणि तक्रार मिटली.

यानंतर फेरुचो आणि एन्झो फेरारी यांची भेट होऊन खटका उडाला, असे सांगतात. ट्रॅक्टरवाल्याने मोटारींविषयी शहाणपण शिकवू नये, अशा अर्थाचे काही तरी फेरारी बोलले आणि तो अपमान जिव्हारी लागून लॅम्बोर्गिनी मोटार जन्मली, ही कथा जगभर प्रसिद्ध आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात आणि त्या काळचे काही सहकारी तर ती भेट झालीच होती का, याबद्दलही साशंक होते. फेरुचो हे पक्के उद्योजक होते, हे विसरून चालणार नाही. महागड्या मोटारीत दिसणारा नफा आणि ट्रॅक्टरच्या नावाला होणारी जाहिरात हा हिशेबही त्यांनी केलाच असणार. मात्र एक गोष्ट नक्की. मोटारीची पारख त्यांनी जाहिरातीतल्या चित्रावरून केली नाही. कवच उघडून, आतली चकती हातात घेऊन त्यांनी ती केली.

उघडल्याशिवाय कसे ओळखावे?

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्या प्रत्येकाला कवच उघडून पाहता येत नाही. तरीही क्लच आपली प्रकृती बाहेरून सांगत असतो, ऐकणारा हवा. त्यासाठी त्याचे काम समजून घेतले पाहिजे. इंजिनाबरोबर फिरणारे जड फ्लायव्हील, त्याला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि या दोहोंमध्ये घर्षणाचा थर लावलेली क्लच प्लेट, असा हा संसार असतो. स्प्रिंगचा दाब, थराचे घर्षण आणि चकतीचा आकार यांवर क्लचची पकड ठरते. थर झिजला, त्यावर तेल आले किंवा उष्णतेने तो जळाला, की पकड सुटते. ट्रॅक्टर आणि स्पोर्ट्स कार दोघांनाही दणकट पकड लागते. फरक इतकाच की ट्रॅक्टर हळू चालताना ओढतो आणि स्पोर्ट्स कार क्षणात झेप घेते.

पहिली खूण पेडलमध्ये असते. पाय उचलताना गाडी कोणत्या उंचीवर हलू लागते, हे पाहावे. अगदी शेवटी, पाय जवळपास पूर्ण सुटल्यावर पकड येत असेल, तर बहुतेक गाड्यांत ती झिजेची सूचना समजावी. दुसरी खूण रस्त्यावर मिळते. मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर, इंजिन गरम झाल्यानंतर, वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी चालवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्यांचा काटा आणि वेगाचा काटा बरोबरीने चढले, तर पकड शाबूत आहे. फेऱ्यांचा काटा उसळी मारून पुढे गेला आणि वेग मागे रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे. खालच्या गिअरमध्ये ही चाचणी फसवी ठरते, कारण तिथे क्लचवर भार कमी येतो. हँडब्रेक ओढून, गाडी जागेवर दाबून धरत क्लच सोडून पाहण्याची एक जुनी रीत आहे. ती वारंवार केली तर चांगला क्लचही जळतो. विकणाऱ्याने त्यास हरकत घेतली, तर त्याला दोष देता येणार नाही.

नाक आणि कान यांचाही उपयोग होतो. चाचणीनंतर जळक्या कागदासारखा उग्र वास आला, तर थर तापला आहे. निघताना गाडी थरथरत असेल, तर प्लेट वाकलेली, फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग पडलेले किंवा थराला तेल लागलेले असू शकते. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल दाबल्यावर ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर कुरकुरत पडत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही, असा अर्थ होतो. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल, तर नवी प्लेट घालूनही उपयोग नाही. आधी गळती बंद व्हायला हवी.

क्लच पेडल नसलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. लॅम्बोर्गिनीच्याच गालार्दोसारख्या मोटारींत ई-गिअर नावाची यंत्रणा आली. तिच्यात क्लच साधाच, पण तो दाबण्याचे काम यंत्र करते. संगणक जोडून तिथे झिजेची टक्केवारी वाचता येते. हा आकडा अवश्य मागावा, मात्र केवळ त्यावर विसंबू नये, कारण यंत्रणेची जुळणी नव्याने केल्यास तोही बदलू शकतो. त्यासोबत क्लच कधी आणि किती किलोमीटरला बदलला, याचे बिल पाहावे. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलणे, पार्किंगमध्ये इंचाइंचाने मागेपुढे करणे आणि महानगरातील कोंडीत तासन्‌तास रांगणे यांनी असा क्लच फार लवकर खर्ची पडतो. म्हणून किलोमीटर कमी असलेली शहरातली गाडी महामार्गावर अधिक धावलेल्या गाडीपेक्षा क्लचच्या बाबतीत जास्त थकलेली असू शकते. इंजिन मध्यभागी असलेल्या गाड्यांत क्लच बदलायला बरेच काही खोलावे लागते आणि सुटे भागही परदेशातून येतात. सौदा ठरविण्यापूर्वी हा खर्च हिशेबात धरलेला बरा.

सांतआगाताचा कारखाना

१९६३ मध्ये फेरुचो यांनी बोलोन्याजवळ सांतआगाता बोलोन्येझे येथे मोटारींचा कारखाना उभारला. माणसे निवडताना त्यांनी कसर केली नाही. फेरारीत काम केलेले जोत्तो बित्झारिनी यांच्याकडून बारा सिलिंडरचे इंजिन करून घेतले. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी हे तरुण अभियंते आले. न्यूझीलंडचे बॉब वॉलेस मोटारी चालवून त्यांचे दोष काढू लागले. पहिली मोटार १९६३ च्या तुरिन प्रदर्शनात मांडली, तेव्हा इंजिन तिच्या बॉनेटखाली मावले नव्हते. प्रदर्शनभर बॉनेट बंदच ठेवावे लागले. शर्यतीच्या स्वभावाचे ते इंजिन दाल्लारा यांनी रस्त्यासाठी माणसाळविले आणि १९६४ मध्ये ३५० जीटी ही मोटार ग्राहकांच्या हाती पडू लागली. सुरुवातीला गिअरबॉक्स बाहेरून येत असे. पुढे तोही कारखान्यात तयार होऊ लागला. दुसऱ्याच्या क्लचने ज्यांना छळले, त्यांनी शक्य तेवढे आपल्या हाती ठेवावे, यात नवल नाही.

खरी कीर्ती मिळाली ती मियुरा या मोटारीला. फेरुचो यांना शर्यती नको होत्या. तरुण अभियंत्यांनी मात्र फावल्या वेळात एक धाडसी आराखडा आखला. इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि तेही आडवे. १९६५ मध्ये नुसता सांगाडा तुरिनला मांडला, तेव्हाच लोक भारावले. बेर्तोने या कारखान्यातील मार्चेल्लो गांदिनी यांनी त्यावर देह चढविला आणि १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मियुरा अवतरली. स्पेनमधील झुंजीचे बैल पाळणाऱ्या मियुरा घराण्याचे नाव तिला दिले होते. फेरुचो वृषभ राशीचे, म्हणून कारखान्याचे चिन्हही बैलच.

या देखण्या मोटारीतही एक दुखणे होते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव भागात असल्याने दोघांचे तेल एकच होते. गिअरमधून झडलेले धातूचे कण इंजिनात फिरत. शेवटच्या काही मोटारींत तेल वेगळे केले गेले आणि आज जुन्या मियुराची पारख करताना जाणकार हे आवर्जून विचारतात.

उतरण आणि द्राक्षांकडे परत

१९७१ मध्ये काउंटाक या पाचरीच्या आकाराच्या मोटारीने जिनिव्हा गाजविले. त्याच सुमारास फेरुचो यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. ट्रॅक्टरची बोलिव्हियातून आलेली मोठी मागणी तेथील सत्तांतरानंतर रद्द झाली आणि तयार माल अंगावर पडला. इटलीत संप आणि टाळेबंदीचे दिवस होते. मोटारींची हौस ट्रॅक्टरच्या पैशावर चालली होती. तो झराच आटला. १९७२ मध्ये त्यांनी मोटार कंपनीचे ५१ टक्के भाग स्विस उद्योजक जॉर्ज-आंरी रोसेत्ती यांना विकले. ट्रॅक्टरचा उद्योग इटलीतीलच सामे कंपनीकडे गेला. १९७४ मध्ये मोटारीचे उरलेले ४९ टक्के रने लाइमर यांच्या हाती दिले. काउंटाक ग्राहकांना मिळू लागली त्याच वर्षी तिच्या जनकाचा कंपनीशी संबंध संपला. १९७८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. अनेक हातांतून फिरून १९९८ पासून ती आउडीकडे आहे.

फेरुचो मात्र कारखान्याच्या दाराशी घुटमळत राहिले नाहीत. उंब्रियातील त्राझिमेनो सरोवराकाठी त्यांनी मोठी जमीन घेतली आणि द्राक्षे लावली. ज्या मळ्यातून ते यंत्रांकडे पळाले होते, त्याच मळ्याकडे ते परत आले. सरोवराकाठच्या त्या मळ्यात त्यांची मद्ये तयार होऊ लागली आणि त्यांतल्या एकाला त्यांनी मियुराचे नाव दिले. २० फेब्रुवारी १९९३ रोजी पेरुजा येथे, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 

फेरुचो यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना मोटारींचा वेग आणि किंमत यांचीच चर्चा अधिक होते. त्यांची खरी शिकवण मात्र त्याहून साधी आहे. नाव कितीही मोठे असो, आतला भाग तपासल्याशिवाय त्याला शरण जाऊ नये. आपल्याकडे जुन्या स्पोर्ट्स कारचा बाजार वाढतो आहे आणि परदेशी बनावटीची चकाकती गाडी हौशी तरुणाला भुरळ घालते. अशा वेळी वर्षानुवर्षे ट्रॅक्टर आणि ट्रक खोलणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेण्यात कमीपणा वाटू नये. क्लचची झीज त्याच्या पायाला आणि कानाला आधी कळते. जगातल्या एका मोठ्या मोटार कंपनीची कहाणीही अशाच एका ट्रॅक्टरवाल्याच्या कारखान्यात सुरू झाली होती.